इराचा अर्धा मैल

लेस्टर, १६ जून

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा तुमच्या नातीच्या, इराच्या, नर्सरीच्या देणगीच्या फेरीचं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "चालली म्हणून पैसे? मग मी रोज अजिंक्यतारा चढतो, मला कोण देतं?" त्याच वेळी इराने दूध सांडलं आणि उत्तर राहून गेलं. म्हणून सविस्तर लिहिते.

बर्नार्डोज ही इथली मुलांसाठी काम करणारी मोठी संस्था. पाच वर्षांखालच्या मुलांची ती अर्ध्या मैलाची फेरी ठेवते, तिचं नाव 'बिग टॉडल'. पोरं चालतात आणि ओळखीपाळखीचे लोक त्यांच्या नावाने संस्थेला पैसे देतात. नर्सरीतून आधी फॉर्म येतो. त्यात नाव, घरचा पत्ता, रक्कम आणि शेवटी गिफ्ट एडचा चौकोन. हा चौकोन बाबांना आवडेल. देणारा इथे कर भरत असेल आणि त्याने खूण केली, तर संस्थेला दर पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. आपल्या प्राप्तिकरातल्या ८०जीत सवलत देणाऱ्याला, इथे ही भर थेट संस्थेला.

मला मात्र फॉर्म घेऊन लोकांपुढे उभं राहायचं जिवावर आलं होतं. शाळेतल्या स्काउट-गाइडच्या 'खरी कमाई'ला बाबांनी आम्हाला तंबी दिली होती ना, आधी अंगण झाडा, सायकल पुसा, मग पैसे घ्या! इरा चालल्याने कुणाचं काय काम झालं? हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण शेजारच्या गुजराती काकूंनी फॉर्म स्वतःच मागून घेतला. त्या १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने हाकलल्यावर युगांडातून आलेल्या. "आम्ही उतरलो तेव्हा थंडीचे कोटसुद्धा कुणीतरी दिलेलेच घातले," म्हणाल्या, ५ पौंड लिहिले आणि वर इराला खाकरे दिले. त्यानंतर मी ऑफिसातही फॉर्म फिरवला.

फेरी ॲबी पार्कात होती. सगळ्यांना पिवळी चमकती जॅकेटं. इराचं गुडघ्यापर्यंत आलेलं. मुलांनी एका लांब दोराच्या कड्या धरायच्या आणि पुढेमागे बाई. एक पोरगा गोगलगाय बघायला बसला की अख्खा दोर थांबायचा. मग दुसऱ्याला शू. मग बदकं. एका मुलीने तर अर्ध्या वाटेत जाहीर केलं की ती आता घरी जाणार, आणि बाईंनी तितक्याच गंभीरपणे तिला गेट दुसऱ्या टोकाला असल्याचं सांगितलं. ८०० मीटरला तासाच्या वर लागला. आई, तू दिलेल्या खणाच्या तुकड्यांचे मी इराला फुलपाखराचे पंख शिवले होते. दोन बायकांनी कापड कुठलं म्हणून विचारलं.

संस्थापक थॉमस बर्नार्डो डब्लिनचा. डॉक्टरी शिकून चीनला मिशनरी म्हणून जायचं म्हणून लंडनला आला आणि पूर्व लंडनमधली रस्त्यावर झोपणारी पोरं पाहून तिथेच राहिला. १८६७ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली, १८७० मध्ये स्टेपनीत मुलग्यांसाठी वसतिगृह. पुढे याच संस्थेने हजारो मुलं जहाजात बसवून कॅनडाला धाडली, तेही लिहायला हवं. नर्सरीच्या पत्रकात ते नव्हतं. आता अनाथाश्रम नाहीत. मुलांना सांभाळणारी कुटुंबं शोधणं, अडचणीतल्या घरांना मदत, असं काम चालतं.

बाबा, तुम्ही पाच हजार पाठवू नका. तुमच्या नावावर मी १० पौंड भरलेत, पत्ता साताऱ्याचा. चौकोन कोरा ठेवलाय, कारण तुमचा कर तिकडे जातो. तुम्ही तेवढी रक्कम आपल्या गल्लीतल्या बालवाडीला द्या.

आणि आई, हिरवा खण उरला असेल तर पाठव. डावा पंख बदकांच्या तळ्यात गेला, आणि इराला पुढच्या वर्षीही फुलपाखरूच व्हायचंय.

तुमची,
वैशू