सोशिक आणि सहिष्णू यांची सरमिसळ

प्रति,
संपादक

महोदय,

१६ नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय सहिष्णुता दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, तक्रार शब्दांबद्दल आहे. पहिल्या परिच्छेदात ‘सहिष्णू’ असलेला माणूस दुसऱ्यात ‘सहनशील’ झाला आणि शेवटाकडे ‘सोशिक’. तोच शब्द पुन्हा नको म्हणून लेखकाने पालट केला असावा. पण हे तिन्ही एका माळेचे मणी नाहीत.

माझ्या मावशीच्या पंच्याहत्तरीला एका पाहुण्याने भाषणात तिच्या सोशिकपणाचं भरभरून कौतुक केलं. मावशी शेजारी बसली होती. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “सोशिक कसली रे, बोलायची सोय नव्हती.” तेव्हापासून हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो ते मी पाहत आलो आहे. सून सोशिक असते, थोरली बहीण सोशिक असते, गरीब कारकून सोशिक असतो. साहेब सोशिक असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. गंमत म्हणजे या शब्दाला रोजच्या बोलण्यात विरुद्धार्थी शब्दही नाही. ‘असोशिक’ कोणी म्हणत नाही. ‘असोशी’ आहे, पण ती ओढ, अगदी वेगळीच गोष्ट. ज्याला न सोसण्याचा पर्यायच नाही, त्याच्यासाठी उलट शब्द लागतोच कशाला?

‘सहनशील’चं तसं नाही. त्यात ताकद मोजली जाते. दुखणं, थंडी, गैरसोय, लांबलेली वाट, काहीही सहन करता येतं, आणि ती ताकद संपतेही. म्हणून मोर्चातला माणूस ‘आमच्या सहनशीलतेचा अंत पाहू नका’ म्हणतो. सहिष्णुतेचा अंत पाहू नका, असं कोणी बजावत नाही.

सहिष्णू माणसापुढे दुखणं नसतं, दुसऱ्या माणसाचं मत, श्रद्धा किंवा वागणं असतं. ते त्याला पटत नाही, अडवायची धमकही असते, तरी तो अडवत नाही. मूळ धातू ‘सह्’ ‘सहनशील’मध्येही आहेच, पण ‘वर्धिष्णु’तला ‘इष्णु’ हा प्रत्यय इथे स्वभाव दाखवतो. पाणिनीने एकाच सूत्रात हा प्रत्यय ‘वृध्’लाही सांगितला आहे आणि ‘सह्’लाही. वेळ आली म्हणून सोसलं, एवढ्याने कोणी सहिष्णू होत नाही. युनेस्कोच्या १९९५ च्या जाहीरनाम्यातही पहिल्याच कलमात म्हटलं आहे की सहिष्णुता म्हणजे सवलत नव्हे, वरून दाखवलेली कृपाही नव्हे.

तरी त्या शब्दाला किंचित वरचढपणाचा वास येतो, हे खरं. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिताना गांधीजींनी हा शब्द आपल्याला आवडत नसल्याचं कळवलं होतं. दुसऱ्याचा धर्म आपल्यापेक्षा उणा आहे असं त्यात गृहीत धरलं जातं, ही त्यांची अडचण. ‘समभाव’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, त्यामागे ही खळखळ आहे.

आता आपल्या मथळ्यांकडे. ‘भ्रष्टाचाराबाबत शून्य सहिष्णुता’ हे काय मराठी आहे? आपल्याकडे ‘खपवून घेणार नाही’ आहे की! अधिकार असलेल्याच्या तोंडी तो शोभतो. नोकर साहेबाचं खपवून घेत नाही, ऐकून घेतो. डुगडुगणारी खुर्ची आपण चालवून घेतो, लेकराची चूक पोटात घालतो. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

मी आयुष्यभर लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम केलं, त्यामुळे ‘झीरो टॉलरन्स’ वाचलं की हसू येतं. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ लिहिलेलं असलं की २५.०२ चा दांडा पास आणि २५.०३ चा परत. मापातल्या या मुभेलाच आम्ही टॉलरन्स म्हणतो. ती आधीच कागदावर असते, त्यात कारागिराच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न येत नाही. आणि मापात शून्य टॉलरन्स मागितला तर ते काम कोणी घेणारच नाही, कारण तसा दांडा कुठल्याच यंत्रावर निघत नाही.

शेवटी आपल्या लेखातल्या एकाच जागेबद्दल. ‘स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलेली सहिष्णुता’ असं तिथे छापलं आहे. ‘दाखवलेली सहिष्णुता’ खोडून तिथे ‘सोसलेलं’ लिहिलं असतं, तर काय सोसलं आणि कोणी सोसायला लावलं, हे लेखकाला पुढच्याच ओळीत सांगावं लागलं असतं.

आपला,
एक निवृत्त टर्नर