‘विंटेज’ म्हणून विकली जाणारी जीप

जुन्या डिझेल जीपच्या हौसेवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. माझगावात जिची जुळणी झाली, त्या जीपचे मुंबईकरांना अप्रूप असणारच. मात्र ऐंशीच्या दशकातील, प्यूजो डिझेल इंजिनाच्या महिंद्रा ‘एमएम 540’ जीपला लेखात सरसकट ‘विंटेज’ म्हटले आहे, ते खटकले. विकणारे दलालही नेमके हेच सांगून भाव चढवतात.

केंद्राच्या जुलै 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपातील खासगी वाहनच विंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कामांचीच मुभा. म्हणजे ‘540’ ही कायद्याने साधी जुनी गाडी. तिला 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावेच लागते.

तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्याआधी चॅसिसवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) क्रमांक चिंधीने ग्रीस पुसून आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून पाहावा. आकड्यांभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग दिसला, तर बयाणा देऊ नये. एका गाडीचे कागद दुसरीला लावण्याचा उद्योग या बाजारात नवा नाही. शिवाय मुंबईत डिझेल वाहने हद्दपार करण्याचा विचार उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर 2025मध्ये सुरू झाला आहे. लाखो रुपये गुंतवणाऱ्याला लेखात याची एका ओळीतही कल्पना दिलेली नाही.

– एक वाचक, दादर, मुंबई