निरीक्षक म्हणजे जाणीव नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्वांटम भौतिकी आणि अद्वैत वेदान्त यांची सांगड घालणारा लेख वाचला. लेखकाची तळमळ प्रामाणिक आहे, परंतु ‘पाहणाऱ्याशिवाय जग नाही, हे आता प्रयोगशाळेतही सिद्ध झाले आहे’ हे त्यातील विधान दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे असल्याने हा पत्रप्रपंच.

भौतिकीतील ‘निरीक्षण’ या शब्दानेच बहुधा हा घोटाळा केला आहे. २००४ साली व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून व्यतिकरणाच्या, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटण्याच्या प्रयोगातून जाऊ दिले. रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण कोठेही उरली नाही, तरच हे पट्टे स्पष्ट उमटतात. तापमान वाढवत नेले तसे व्यतिकरणाचे पट्टे फिके होत गेले, कारण तापलेला रेणू वाटेत स्वतःच प्रकाशकण सोडतो आणि त्या कणांबरोबर तो कोठून गेला याची खूण बाहेर पडते. ते प्रकाशकण कोणी टिपले नाहीत, कोणी पाहिले नाहीत, तरीही परिणाम झाला. निरीक्षकाचे काम येथे रेणूच्या उष्णतेनेच उरकले! जाणिवेमुळे तरंगफलन (कणाच्या अनेक शक्यतांचे गणिती वर्णन) कोसळते, म्हणजे त्यातील एकच शक्यता उरते, असे १९६१ साली मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनीही पुढे ही भूमिका सोडली.

दुसरी बाजूही पाहावी. वस्तू म्हणजे केवळ आपले ज्ञान, बाहेर काही नाही, असे म्हणणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्यांचे खंडन शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात केले आहे आणि तेही अगदी रोखठोक: खांब किंवा भिंत म्हणजे निव्वळ ‘ज्ञान’ आहे, असा अनुभव कोणालाच येत नाही, ती ज्ञानाचा विषय म्हणूनच जाणवते. जगाला अंतिम सत्य न मानणारा आचार्यही व्यवहारातील भिंत नाकारत नाही. मग ज्या मताचे त्यांनी खंडन केले, तेच त्यांच्या नावावर खपवून वर प्रयोगशाळेची मोहोर उठवायची, हे काही पटत नाही.

लेखात क्वांटम भौतिकीच्या जनकांपैकी एक असलेल्या श्रोडिंगर यांचा दाखला आहे. त्यांना उपनिषदांचे मनापासून आकर्षण होते, हे खरेच. तरंगयामिकीवरील (कणांचे वर्तन तरंगांच्या समीकरणाने मांडणाऱ्या सिद्धान्तावरील) त्यांचे शोधनिबंध १९२६ साली प्रसिद्ध झाले, त्याआधीच १९२५ साली त्यांनी वेदान्तावर लिहिले होते. परंतु त्यांच्या समीकरणात जाणिवेसाठी एकही पद नाही आणि आत्मा एकच आहे हे त्यांचे मत त्या समीकरणातून निघालेले नाही. उलट विज्ञान जगाचे चित्र काढताना जाणणाऱ्याला चित्राबाहेर ठेवते आणि म्हणूनच तो त्या चित्रात कोठे सापडत नाही, असे ते सांगत. माझ्या मते खरा सांधा येथे आहे. ‘जो जाणतो त्याला कशाने जाणावे?’ असे याज्ञवल्क्य बृहदारण्यकात मैत्रेयीला विचारतात, तेव्हा त्यांचा रोख याच अडचणीकडे आहे. या प्रश्नाला इलेक्ट्रॉनच्या साक्षीची गरज नाही आणि इलेक्ट्रॉनचे गणितही त्याच्यावाचून अडलेले नाही.

लेखकाने पुढील भागात विग्नर यांच्याबरोबर त्यांच्या माघारीचाही उल्लेख करावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक