दरपत्रकात नुसते ‘१ टीबी हार्ड डिस्क’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, ग्रामपंचायती, बाजार समित्या संगणक किंवा सीसीटीव्ही घेतात तेव्हा दरपत्रकात ‘१ टीबी हार्ड डिस्क’ एवढेच असते. फार तर कंपनीचे नाव. पण नावावरून टिकाऊपणा कळत नाही. हार्ड डिस्क बनवणारे आता तिघेच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. बॅकब्लेझ ही लोकांचा डेटा ऑनलाइन साठवणारी अमेरिकी कंपनी २०१३ पासून स्वतःच्या डिस्कची नोंद ठेवून कोणते मॉडेल किती बंद पडते ते जाहीर करते. तिथे सीगेटचे ३ टीबीचे एक मॉडेल धडाधड गेले आणि त्याच कंपनीचे ४ टीबीचे मॉडेल पुष्कळ टिकले.

तेही थंड खोलीत, अखंड विजेवर. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, धुळीने बुजलेल्या कॅबिनेटमधली डिस्क त्याहून कितीतरी तापते. वीज अचानक गेली की डिस्क तबकडीच्या उरलेल्या वेगावर हेड (तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग) घाईघाईने मागे घेते. असे किती वेळा झाले ते क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये बहुतेक डिस्कवर ‘सी०’ ओळीत दिसते. यूपीएस नसलेल्या कार्यालयात हा आकडा वाढतच जातो.

त्याच पडद्यावर ०५, सी५, सी६ या ओळी, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी, महिन्यातून एकदा पाहाव्यात. शून्य सोडून काहीही दिसले आणि ते वाढत असेल, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवावा, डिस्क नंतर बदलावी. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल न बदलताच चांगल्या डिस्क भंगारात जातात. मात्र आकडे स्वच्छ म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्क तपासून २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या अशा प्रमुख नोंदी शून्यच होत्या. दाखले, नमुना ८, निकालपत्रके यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवीच. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही.

तेव्हा दरपत्रकात मॉडेल क्रमांक, वॉरंटीची वर्षे आणि सोबत यूपीएस लिहावा. सीसीटीव्हीसाठी चोवीस तास लिहिणारी सर्व्हेलन्स डिस्कच मागावी. माल ताब्यात घेताना ०९ ओळीतले चालू तास पावतीवर उतरवून घ्यावेत. नव्या डिस्कवर ते शून्याच्या आसपास असतात. हजारांत निघाले तर डिस्क वापरलेली आहे, बिल अडवावे.

– संगणक दुरुस्ती व्यावसायिक, परभणी