‘तुरळक ठिकाणी’ या दोन शब्दांविषयी मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येतात. ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन, दुपारी तीनच्या सुमारास ढग चढू लागतात आणि बघता बघता गडगडाट सुरू होतो. अशा वेळी शेतातली माणसं घराकडे यायला हवीत. होतं उलटंच. गंजी उघडी पडलेली असते, म्हणून बाप ताडपत्री घेऊन शेताकडे पळतो आणि त्याच्या मागे पोरगा. वर्षभराची कमाई भिजताना घरात बसून कोण बघेल? वीज नेमकी तेव्हाच गाठते.

म्हणून आम्हाला आठवड्याचा अंदाज लाखमोलाचा. हवामान खातं जिल्हावार इशारे देतं, पिवळा, नारिंगी, लाल असे रंगही लावतं. ते काम चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण शब्दांची आहे. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ असं ऐकलं की आमच्याकडे माणूस म्हणतो, तुरळकच आहे, चला कामाला. खात्याच्या परिभाषेत तुरळक म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. पाऊस किती ठिकाणी होईल एवढंच तो शब्द सांगतो. वीज किती जोराची, हे त्यात येतच नाही. जिल्ह्यात चारच गावांवर ढग आला, तरी त्या चार गावांसाठी धोका पुरेपूर असतो. हा फरक बांधावरच्या माणसाला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही निघतो. पण कापणी करणाऱ्या बाईच्या हातात विळा असतो आणि फोन, असलाच तर, डब्याच्या पिशवीत. शिवाय तीन तासांत गंजी झाकून होत नाही. ते काम आदल्या दिवशीच ठरवावं लागतं.

तेव्हा मागणी अशी : ज्या दिवसासाठी विजांचा इशारा असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या भोंग्यावरून तो सांगायची जबाबदारी पोलीस पाटील किंवा कोतवाल यांच्यावर लेखी द्या. मजकूर साधा असावा. ‘उद्या दुपारनंतर विजेचा धोका आहे. गंजी बाराच्या आत झाका. ढग चढल्यावर शेतात जाऊ नका, झाडाखाली थांबू नका.’ एवढं पुरे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हेही सांगावं. उघडं पत्र्याचं शेड म्हणजे आसरा नव्हे, हे तर दरवेळी सांगावं.

वीज पडून माणूस गेला की पंचनामा होतो, वारसांना ४ लाख रुपये मिळतात. ती मदत हवीच. पण जी यंत्रणा दुसऱ्या दिवशी दारात पोचते, ती आदल्या संध्याकाळी का पोचू नये?

याच दिवसांत पहाटे घाटात आणि नदीकाठच्या रस्त्यांवर धुकं उतरतं. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली, असं जुळलं की ते हमखास येतं. खातं २०० मीटरच्या आतल्या दृश्यमानतेला दाट धुकं म्हणतं, ५० मीटरच्या आत अतिदाट. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. रस्ते आपल्या खात्याकडे नाहीत, तरी धुक्याचा इशारा घाटाच्या पायथ्याशी फलकावर लागावा, एवढं संबंधित मंत्र्यांच्या कानावर घालावं.

सोयाबीन अजून रानात उभं आहे. काढणी आटोपण्याआधी भोंग्याचा आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी