इसेकाई आणि आमचा शाळेतला मुक्काम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी कार्टूनवर लेख आला होता. ट्रकखाली सापडलेला मुलगा दुसऱ्या जगात जन्म घेतो, तिथे त्याला आयती ताकद मिळते आणि असलं बघून आपली पोरं जबाबदारीपासून पळायला शिकतात, असा एकूण सूर. माझी मुलगी अकरावीला आहे, ती हे सगळं बघते. म्हणून लिहिते आहे.

जपानीत या प्रकाराला इसेकाई म्हणतात, म्हणजे दुसरं जग. लेखात म्हटलंय तशा मालिका ढिगाने आहेत, त्यातल्या दोन मीही अर्ध्यावर सोडल्या. पण सगळ्यांना एकाच मापाचं बेतू नये. २०१६ सालची 'ग्रिमगार' नावाची बारा भागांची मालिका आहे. सांगलीच्या गावभागात मी ब्लाऊज शिवते. रात्री हूक-काजं करत बसले की लेक शेजारी मोबाईल उभा करून खालच्या इंग्रजी ओळी मला मराठीत सांगायची. तशी ती पूर्ण पाहिली.

त्यातली पोरं अंधारात जागी होतात. नावापलीकडे कुणाला काही आठवत नाही. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांशी लढलं तर पोट भरणार. हातावर चांदीची दहा नाणी पडतात, त्यातली आठ हत्यार शिकवणाऱ्यालाच द्यावी लागतात. कुणीच आपल्यात न घेतलेली सहा जणं एकत्र येतात. आणि दिवस गेल्यावर त्यांची अडचण काय, तर चड्डीला भोकं पडलीत आणि दुसरी घ्यायला पैसे नाहीत. लेक हसली. माझी सुई थांबली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ची. नेसत्या कपड्यांनिशी आम्ही बोटीत बसलो आणि एका शाळेच्या वर्गात राहायला आलो. मदत भरपूर आली, देणाऱ्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. बिस्किटं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या, साड्या आल्या. आतले कपडे मात्र कुणी आणले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी एक सुती साडी फाडली, शाळेच्या शिपाईमामांकडून सुई-दोरा मागून घेतला आणि वर्गातल्या पोरींसाठी हातशिलाईने सात चड्ड्या शिवल्या. इलास्टिक कुठलं मिळायला? काठ कापून त्याच्या नाड्या केल्या. ही मालिका ज्याला सुचली, त्याला घरदार सुटलेल्या माणसाचं पहिलं दुखणं कुठलं ते नक्की ठाऊक आहे.

मारामारीही तशीच. सहा जण मिळून एका एकट्या गॉब्लिनला घेरतात, पण त्याचा जीव जाता जात नाही. तो जगायला धडपडतो आणि मारणाऱ्यांचेच हात थरथरतात. त्यांच्यात रांता नावाचा एक तोंडाळ पोरगा आहे. आमच्या वर्गातही एक गृहस्थ होते, भात कमी पडला की सगळ्यांवर डाफरायचे. पण टँकर आला की पहिली बादली त्यांचीच, तीही दुसऱ्यांसाठी. रांताला शेवटी गोड करून दाखवलेलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

चौथ्या भागात त्यांच्यातला मानातो मरतो. सगळ्यांना सांभाळणारा तो आणि जखमा भरणाराही तोच. त्याच्या पाठीत बाण घुसल्यावर बरं करायला दुसरं कुणीच नसतं. पुढे त्याच्या जागी मेरी येते, कुणाशी धड बोलत नाही. तिचे आधीचे सोबती तिच्या डोळ्यांदेखत गेलेत, हे हळूहळू उलगडतं.

चौथा भाग संपला तेव्हा लेकीने विचारलं, "आई, वर्गात आपल्या शेजारी झोपायच्या त्या आजी तिथूनच दवाखान्यात गेल्या ना? परत आल्याच नाहीत." पुराचा विषय तिने स्वतःहून काढायची ही पहिलीच वेळ. पूर आला तेव्हा ती पाचवीत होती. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. तिला माझ्याहून जास्त आठवत होतं. घरी परतल्यावर मशीनच्या शटलमध्ये गच्च बसलेला गाळ, तो वाळल्यावरचा वास, रॉकेल टाकून मी चाक फिरवत होते ते. आणि फिरवताना मी रडत होते, हेही. मला वाटायचं तेव्हा ती बाहेर खेळत होती.

लेख लिहिणाऱ्यांना विनंती, निदान पहिले चार भाग बघा. आणि पुरवणीत जागा असेल तर या विषयावर मुलांनाच लिहू द्या: कुठली मालिका, कुठला प्रसंग, तो बघताना काय आठवलं. माझी लेक लिहायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली