राजू गव्याच्या प्रवासाची तयारी: आई-बाबांना पत्र

व्रोत्सवाफ, पोलंड
28 सप्टेंबर

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तिथल्या शाळेतल्या तिसरीच्या मुलांनी आमच्या इथल्या वर्गाकडे पाहुणा म्हणून पाठवायच्या कापडी बाहुल्यासाठी गवा निवडला, हे वाचून फार आनंद झाला. इथल्या मुलांना झुब्र, म्हणजे युरोपातला रानगवा, पहिलीपासून माहीत असतो. ब्याउओव्येझाच्या जंगलातला शेवटचा मोकळा झुब्र 1919 मध्ये मारला गेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपासून पैदास करून 1952 मध्ये तो पुन्हा त्याच जंगलात सोडला. आपल्या राधानगरीचा गवा त्यांना त्याचाच चुलतभाऊ वाटेल, आणि पहिला प्रश्न येईल तो पायांचा: गव्याला पांढरे मोजे का, आमच्या झुब्राला का नाहीत? म्हणून आई, मोजे नीट कर. गुडघ्याखाली चारही पाय मळकट पांढरे, शिंगं बुडाशी पिवळसर आणि टोकाला काळी, दोन्ही शिंगांच्या मधे कपाळावर राखाडी उंचवटा. एवढं जमलं की तो गवाच दिसेल, म्हैस नाही.

खरी अडचण याच मोज्यांची आहे. काळपट अंग आणि पांढरे पाय एकाच धुण्यात येणार. इथे बाहुला आल्यावर एकदा आणि परत निघताना एकदा, असा दोनदा तरी मशीनमध्ये धुतला जातो, कारण थंडीत वर्गात सर्दी फिरते आणि अधूनमधून उवाही निघतात. तेव्हा काळं कापड कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा धू. पांढरंही आधी धुऊन आटवून घे, नाहीतर शिवणीपाशी चुण्या पडतील. आत कापूस नको. कापूस ओला झाला की गोळे होतात, आतून वाळायला दिवस लागतात आणि कुबट वास येतो. उशांचं पॉलिस्टर भरण घे. त्यातलं चिमूटभर भरण वर्गातल्या प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं आत घालावं आणि मगच तू पोट शिवावंस. इथल्या मुलांना हे सांगितलं की ती बाहुल्याला वेगळ्याच मायेनं धरतात.

उंची 25 सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या आत. याहून मोठा असला तर दप्तरात मावत नाही, आणि लहान असला तर हरवतो. डोळे बटणांचे किंवा मण्यांचे नकोत, भरतकामाचे कर; मुलांच्या घरी धाकटी भावंडं असतात आणि सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. शिंगांत तार नको, फेल्ट दुहेरी करून घट्ट भर. शेपूट वरून टाचू नकोस. दोन्ही बाजूंच्या कापडांमधे घालून शिवणीतच धर आणि तिथे दोनदा टीप मार. मुलं कोणत्याही जनावराला शेपटीलाच धरून उचलतात आणि पहिल्या पंधरा दिवसांत तीच निघून येते. गळ्यात घुंगरू घालायचा तुला मोह होईल, पण तेही नको. तेही सुटतं.

एकासारखे दोन शिव. दुसरा तिसरीच्या वर्गातच राहू दे, जुळा भाऊ म्हणून, मुलांना उघड सांगून. इथला हरवला तर (ट्राममध्ये विसरणं हेच सगळ्यात नेहमीचं) मुलांशी खोटं बोलावं लागणार नाही. "तो हरवला, आता त्याचा भाऊ येतोय," एवढं सरळ सांगता येतं. गुपचूप दुसरा आणून ठेवला तर मुलं ओळखतात. नाकाचा टाका वेगळा पडलेला असतो, आणि मोठ्यांवरचा विश्वास जातो. पोटाखाली कापडी पट्टीवर फक्त आमच्या शाळेचा ई-मेल भर, कुणाचा घरचा पत्ता नको.

राजू हे नाव ठेवलंय, तेच राहू दे. एक गंमत बाबांना सांगते. पोलिशमध्ये रोमन जे हे अक्षर 'य' असं वाचतात, म्हणजे पट्टीवरचं नाव मुलं 'रायू' वाचणार. आणि 'ओ रायू!' म्हणजे त्यांच्या भाषेत 'अरे बापरे!'. नाव वाचल्याबरोबर वर्गात हशा पिकेल, आणि ते नाव कुणी विसरणार नाही. एका अर्थी बरंच झालं. नावाच्या शेवटी 'आ' आला असता, तर मुलांनी त्याला मुलगीच धरलं असतं, कारण पोलिशमध्ये बायकांची नावं जवळजवळ सगळी 'आ'कारान्तच असतात. शिवाय आपल्या विभक्तीसारखी तिथेही नावं बदलतात, आणि उकारान्त परकं नाव मात्र बहुधा तसंच राहतं. पट्टीवर देवनागरी 'राजू' मोठं आणि रोमन खाली बारीक असू दे. देवनागरी अक्षरं मुलं चित्रासारखी उतरवून घेतात, शिरोरेघ शेवटी ओढायची हे शिकायला त्यांना फार आवडतं.

बाबा, राजूच्या मुक्कामाची नोंद ठेवायची वही तुमच्याकडे. ए-5 आकाराची, स्पायरलची, जाड कागदाची, साधारण 48 पानं. शिवलेल्या वहीत फोटो चिकटवले की ती फुगते आणि कणा फाटतो. डावं पान कोरं, उजवं आखलेलं. पहिल्या चार पानांवर तिसरीच्या मुलांनी मराठीत लिहावं आणि खाली तुम्ही सोप्या इंग्रजीत अर्थ द्यावा, पोलिश मी करते. पुढची पानं इथल्या मुलांची.

आता इथे काय काय होईल ते सांगते. प्राथमिक शाळा इथे आठ वर्षांची असते. पहिली ते तिसरी बहुतेक सगळे विषय एकच बाई शिकवतात, त्यामुळे पाहुण्याला वेळापत्रकात जागा करणं सोपं जातं. आमच्या दुसरीच्या 'बी' तुकडीत 24 मुलं आहेत. सकाळी मुलं आधी 'शात्निया'त, म्हणजे कपडे-बूट ठेवायच्या खोलीत जातात, बाहेरचे बूट काढून 'काप्चे', म्हणजे सपाता घालतात. राजूला तिथे स्वतःची खुंटी मिळेल आणि मुलं त्याच्यासाठी फेल्टच्या चार सपाता शिवतील. मोजे मळू नयेत म्हणून त्या सपाता खरोखरच कामाच्या आहेत. रोज ज्याची पाळी तो 'दिझुर्नी' त्याला दिवसभर सांभाळतो. जेवणघरात मात्र राजू जाणार नाही. 'पोमिदोरोवा', म्हणजे टोमॅटोचं सूप, मुलांच्या खास आवडीचं, आणि त्याचा तेलकट डाग पांढऱ्या कापडावरून सहज जात नाही.

राजूला कुणी कधी घरी न्यायचं याचा हिशोब आधीच मांडावा लागतो, नाहीतर वर्गात रडारड होते. फक्त शनिवार-रविवारी द्यायचं म्हटलं तर 24 मुलांना 24 आठवडे लागतील. म्हणून आठवड्याला तीन पाळ्या: सोमवार ते बुधवार, बुधवार ते शुक्रवार, शुक्रवार ते सोमवार. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या सुट्टीपर्यंत पाच आठवडे, आणि 6 जानेवारीच्या 'तीन राजां'च्या सणानंतर तीन. आठ त्रिक चोवीस, बरोबर बसतं, पण सवड काहीच राहत नाही. हिवाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी आजारी असतंच. त्यामुळे यादीत तारखा लिहायच्या नाहीत, फक्त क्रम लिहायचा. आजारी मुलाची पाळी शेवटी जाते आणि जानेवारीचा शेवटचा आठवडा त्यासाठी राखून ठेवायचा. नाताळच्या सुट्टीत तो कुणाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. ती पाळी जास्तीची धरायची, नाहीतर चिठ्ठी निघालेल्याची नेहमीची पाळी का गेली यावरून भांडण होतं.

वही मात्र हमखास बिघडते, ती मोठ्यांमुळे. एका घरानं राजूला वॉटर पार्कला नेलं की पुढचं घर डोंगरात नेतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांचं मूल पाळीच नको म्हणायला लागतं. आई-वडील सुंदर टाईप केलेलं पान चिकटवतात, आणि त्यात मुलाचं अक्षर कुठेच नसतं. यावर एकच उपाय लागू पडतो: प्रश्न तीनच, सगळ्यांना तेच. रात्री काय जेवलात? घरात राजूला कोण भेटलं? तुमच्या खिडकीतून त्याला काय दिसलं? उत्तर मुलानं पेन्सिलीनं, पाच वाक्यांत, चुकांसकट. खिडकीचा प्रश्न माझा सगळ्यात लाडका आहे. कुणाला समोरच्या इमारतीतले दिवे दिसतात, कुणाला ट्रामचा डेपो, कुणाला फक्त भिंत, आणि प्रत्येकाकडे खरं सांगण्यासारखं काहीतरी असतंच. तिसरीच्या मुलांनाही जुळ्यासोबत हेच तीन प्रश्न द्या. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता येतात.

सण भरपूर सापडतील. 25 नोव्हेंबरला इथे टेडी बेअरचा दिवस असतो, तेव्हा प्रत्येक मूल घरून आपला बाहुला आणतं आणि राजू त्यांच्यात बसेल. 29 नोव्हेंबरच्या संध्याकाळी 'आन्जेयकी' असते, वर्गात ती दिवसा उरकतात. बाई वितळलेलं मेण जुन्या किल्लीच्या भोकातून गार पाण्यात ओततात, थिजलेला तुकडा दिव्यासमोर धरतात आणि भिंतीवर पडलेल्या सावलीत पुढच्या वर्षी काय होणार ते मुलं ओळखतात. मेण होतं तोवर राजू मागच्या बाकावर. कापडावर पडलेलं मेण काढायला ब्लॉटिंग पेपर आणि इस्त्री लागते. 6 डिसेंबरला 'मिकोवाइ', म्हणजे संत निकोलस, भेटी आणतो. शहरभर बुटक्यांचे छोटे ब्राँझचे पुतळे आहेत, शेकड्यांनी, पायाशी उभे असतात. पहिला 2001 मध्ये श्विद्नित्स्का रस्त्यावर बसवला. ते राजूच्याच उंचीच्या आसपास भरतात, त्यामुळे फोटो छान येतात. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं असतं, म्हणून फोटोपुरतंच खाली ठेवायचं.

सगळ्यात मोठा दिवस 21 आणि 22 जानेवारी: 'बाब्चा'चा, म्हणजे आजीचा, आणि 'जादेक'चा, म्हणजे आजोबांचा. आजी-आजोबांना शाळेत बोलावून मुलं गाणी म्हणतात. त्या दिवशी तुम्हा दोघांचा आवाज वर्गात हवा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, आई एक ओवी म्हण, आणि बाबा, तुम्ही वळिवड्याबद्दल बोला. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेली सुमारे 5000 पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळच्या त्या वसाहतीत राहिली, तिथे त्यांच्या शाळा होत्या. आजी-आजोबांपैकी कुणाकुणाला हे माहीत असतं, मुलांना नसतं. जमलं तर वळिवड्याच्या स्मृतिस्तंभाशी जुळ्याचा एक फोटो काढा. वर्गात त्या फोटोला भिंतीवरची मधली जागा मिळेल.

फोटोंबद्दल एक विनंती. मे 2018 पासून इथे माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा आहे आणि मुलाचा चेहरा दाखवायचा तर पालकांची लेखी संमती लागते. मी पाठवीन त्यात बहुतेक राजू आणि मुलांचे हात असतील. ज्यात चेहरे असतील ते वर्गात दाखवा, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका.

पार्सल पुठ्ठ्याच्या खोक्यात, वहीसकट एक किलोच्या आत. शाळेच्या नावावर पाठवू नका, माझ्या नावावर आणि घरच्या पत्त्यावर पाठवा. याला दोन कारणं आहेत. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेल्या 45 युरोपर्यंतच्या भेटीवर इथे कर नाही, संस्थेला ती सवलत नाही. आणि पोस्टमनला कुणी भेटलं नाही तर तो 'आविझो' नावाची चिठ्ठी टाकतो. शाळेचं पार्सल सोडवायला शिक्का आणि अधिकारपत्र लागतं, माझं मी ओळखपत्रावर आणते. फॉर्मवर 'भेट'वर खूण करा, आत काय ते इंग्रजीत स्पष्ट लिहा: हाताने शिवलेला कापडी प्राणी एक, वही एक. किंमत शून्य लिहू नका, शून्य दिसलं की अडवतात. कापडाची आणि वहीची मिळून खरी काय होईल ती लिहा. माझा फोन नंबर खोक्यावर हवाच. साधं पार्सल कधी महिनाभरही घेतं, तेव्हा 10 ऑक्टोबरपर्यंत टाका किंवा स्पीड पोस्टनं पाठवा.

आई, खायचं काही घालू नकोस. दुधाचे पदार्थ युरोपात टपालानं आणायला बंदी आहे, पेढे निघाले तर सगळंच खोकं अडकतं. तिळगुळाला ती बंदी नाही, पण तीळ आणि शेंगदाणे दोन्ही इथल्या ॲलर्जीच्या यादीत आहेत आणि लेबल नसलेलं खाणं वर्गात वाटता येत नाही. बियाही नकोत.

परतीला राजू टपालानं येणार नाही. डिसेंबर 2019 पासून भारतात टपालानं आलेल्या भेटवस्तूंना, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर, करमाफी नाही. त्यात खेळण्यांच्या आयातीचे नियम वेगळे. म्हणून मीच त्याला बॅगेतून आणेन, सोबत आमच्या मुलांनी शिवलेला झुब्र असेल. त्याची आयाळ लोकरीची असते आणि ती धुतली की गुंतते, तेव्हा तिसरीच्या बाईंना आधीच सांगून ठेवा: ओल्या फडक्यानं पुसायचा, मशीनमध्ये नाही.

गव्याचं कापड बेतायचा कागदी नमुना या पत्रासोबत पाठवला आहे, शिवणीची एक सेंटिमीटर जागा धरून. मागच्या पायांचे मोजे पुढच्यांपेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब काढलेत, तो फरक मुद्दाम आहे. कापताना बरोबरीचे करू नकोस.

तुमची
लेक